क्वारीचा रस्ता

पाटी सोमवारी दिसली. रविवारी आमच्यातलं कुणी फिरायला जात नाही, त्यामुळे लागली कदाचित आदल्या दिवशीच असेल. पत्र्यावर लाल रंगात दोन ओळी : 'पुढे काम चालू आहे. रस्ता बंद.' खाली खात्याचं नाव नाही, तारीख नाही, फोन नंबर नाही. वाटेवर एक बांबू आडवा टाकलेला आणि त्याला लाल-पांढऱ्या पट्ट्यांची फीत गुंडाळलेली. बारशाला पाळणा सजवावा तशी.

आम्ही पाचजणी त्या बांबूपुढे उभ्या राहिलो. एक म्हणाली, खालून वाकून जाऊ या, कोण बघतंय. दुसरीने पाटीचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. तिसरीला लगेच भूखंड घोटाळ्याचा वास आला. मी काही बोलले नाही, पण सगळ्यात जास्त चिडले होते मीच. गुडघ्याच्या डॉक्टरांनी 'चाला, नाहीतर आहेच ऑपरेशन' असं सांगितल्यापासून सहा वर्षं मी याच वाटेने चालत आले होते. गुडघे अजून माझेच आहेत, आणि त्याचं श्रेय मी या वाटेला देत होते.

वाट तशी काही फार मोठी नाही. नवी मुंबईतल्या नेरूळहून महामार्ग ओलांडायचा, एमआयडीसीच्या गाळ्यांच्या मागच्या अंगाने जायचं, की पारसिकच्या डोंगराला लागून ती वर चढते. मुंब्र्याहून बेलापुरापर्यंत आलेली ही डोंगररांग. मुंब्र्याकडच्या टोकाला तिच्या पोटातून १९१६ साली रेल्वेचा बोगदा काढला. आमच्या बाजूला मात्र बोगदा नाही, डोंगरच कापून नेलेला आहे. वाट वर जाऊन संपते ती एका बंद पडलेल्या दगडखाणीच्या काठावर. समोर काळ्या कातळाची उभी भिंत, खाली हिरवट पाणी. मागे वळलं की महामार्ग, स्टेडियम, इमारती आणि त्यांच्या पलीकडे खाडीची करडी पट्टी.

त्या भिंतीवर उभ्या, सरळ पन्हळी आहेत. बांबू मधोमध चिरून कातळावर चिकटवावा तशा दिसतात. मला ती निसर्गाची कारागिरी वाटायची. पाहुण्यांनासुद्धा मी कौतुकाने दाखवल्या होत्या.

आणि हो, आम्ही या वाटेला 'ट्रेल' म्हणायचो. आमच्यातल्या एकीच्या सुनेने ती कुठल्याशा अ‍ॅपवर चढवली, तिला साडेचार तारे मिळाले, तेव्हापासून वाटेची ट्रेल झाली. तारे देणाऱ्यांनी 'शांत परिसर' असं लिहिलं होतं.

ट्रेल बंद होणं मला नवं नव्हतं. गेल्या वर्षी तीन महिने सॅन होजेला लेकाकडे होते. तिथे घरापासून गाडीने अर्ध्या तासावर अल्माडेन क्विकसिल्व्हर नावाचं एक उद्यान आहे. उद्यान म्हणजे चार हजारांवर एकरांचे डोंगर, ओक वृक्ष, उन्हाळ्यात पिवळं पडणारं गवत. एका शनिवारी लेकाने हौसेने नेलं, आणि ज्या वाटेने जायचं त्या वाटेवर फाटक. तिथली पाटी मात्र वाचायला पाच मिनिटं लागली. नकाशा, कारण, किती दिवस, पर्यायी वाट कुठली, सगळं लिहिलेलं.

इथून हा लेख 'तिकडे कसं सगळं' या वळणावर जाणार असं वाटत असेल, तर थोडं थांबा.

क्विकसिल्व्हर म्हणजे पारा. तो डोंगर पाऱ्याची खाण होता, उत्तर अमेरिकेतली सगळ्यात मोठी. तिथल्या मूळच्या ओलोनी लोकांना तिथला लाल दगड फार आधीपासून माहीत होता. ते तो अंगाला रंगवायला वापरायचे. आपल्याकडे त्याला हिंगूळ म्हणतात. १८४५ साली एका मेक्सिकन अधिकाऱ्याने ओळखलं की हा नुसता रंग नाही, यातून पारा निघतो. हिंगूळ भट्टीत भाजला की पाऱ्याची वाफ होते, ती गार केली की चकचकीत पारा हाती येतो. तो लोखंडी बाटल्यांत भरायचे. एकेका बाटलीत ७६ पौंड, म्हणजे साडेचौतीस किलो पारा. ऐकायला प्रचंड वाटतं, पण पारा इतका जड की बाटली जेमतेम अडीच लिटरची. घरातली तेलाची बुधली समजा, फक्त एका हाताने उचलता न येणारी.

तीन वर्षांनी, १८४८मध्ये, कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि पाऱ्याला भाव आला. वाळूतले सोन्याचे बारीक कण पारा धरून ठेवतो, म्हणून सोनं धुण्याच्या पन्हाळ्यांत तो ओतत. ओतलेला सगळा काही परत मिळत नसे. उरलेला नदीत. इकडे खाणीवर भट्टीतून निघालेला भाजका चुरा डोंगराच्या उतारावर आणि ओढ्यांत लोटला जाई, रस्त्यांवरही पसरला जाई. त्या चुऱ्यात थोडा पारा राहतोच. ओढ्याच्या गाळातले जिवाणू त्याचं जास्त विषारी रूप करतात. ते किड्यात जातं, किड्यातून लहान माशात, लहानातून मोठ्यात, आणि प्रत्येक पायरीवर वाढत जातं. जपानमधल्या मिनामाता गावात १९५६ साली याच विषाने माणसं वाकडी झाली, तेव्हा जगाला कळलं. पाऱ्याला आवर घालणाऱ्या २०१३च्या आंतरराष्ट्रीय कराराला त्याच गावाचं नाव दिलेलं आहे.

अल्माडेनची खाण १९७०च्या दशकात बंद झाली आणि जमीन तिथल्या काउंटीने उद्यानासाठी घेतली. पन्नास वर्षं होत आली, तरी तिथल्या तलावांवर अजून पाट्या आहेत की इथले मासे खाऊ नका. दूषित माती ओढ्याकाठून खणून काढायची, सुरक्षित जागी पुरून वर स्वच्छ मातीचा थर द्यायचा, त्यावर तिथलीच झाडं लावायची, हे काम टप्प्याटप्प्याने चालतं. आणि जिथे चालतं तिथल्या वाटा बंद. सोनं धुणारे, भट्टी लावणारे, त्यांचे नातूसुद्धा मेले. निस्तरतायत कोण, तर त्या सोन्यातलं गुंजभरही न मिळालेले.

लेक म्हणाला, "आई, चल, दुसऱ्या ट्रेलवर जाऊ." आम्ही गेलो, आणि पाऱ्याचं सगळं मी विमानातच विसरून आले.

इकडे, आमच्या बांबूपाशी, तिसऱ्या दिवसापासून एक वॉचमन बसायला लागला. प्लास्टिकची खुर्ची, छत्री, पाण्याचा कॅन. साठीच्या पुढचा माणूस, हाताची बोटं जाड आणि थोडी वाकडी. बाकीच्या चौघींनी तोवर पाम बीचच्या बाजूला जॉगिंग ट्रॅक धरला होता. माझं मन तिकडे लागेना. मी रोज बांबूपर्यंत यायचे, जणू मी आल्याशिवाय काम पुरं होणार नव्हतं.

"मामा, केव्हा उघडणार ट्रेल?"

"कसली टेल?"

"ही वाट हो."

"हां, क्वारीचा रस्ता. ते सायबाला म्हाईत."

मग रोज थोडं थोडं बोलणं व्हायला लागलं. मामा मूळचे सोलापूरकडचे, वडार. वडलांनी बहात्तरच्या दुष्काळात तिकडे सरकारी कामावर खडी फोडली. अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी यांवर घर चाललं. दुष्काळ संपला, पण शेत काही जिवंत झालं नाही, म्हणून बिऱ्हाड इकडे आलं. इकडे तेव्हा दगडाला मरण नव्हतं. सिडको १९७०मध्ये स्थापन झालेली, ९५ गावांच्या जमिनीवर शहर उठवायचं होतं. भातशेती आणि मिठागरं गेलेल्या इथल्या प्रकल्पग्रस्तांतल्या काहींना पुढे याच डोंगरात खाणी चालवायला मिळाल्या. शेत गेलं त्याच्या बदल्यात डोंगर. हा हिशेब कुणी कुठल्या मापाने केला, मला समजलेलं नाही.

मामा याच खाणीत वीस-बावीस वर्षं होते. आधी घण, मग कंप्रेसरवर.

"ह्या रेघा बगताय न्हवं?" त्यांनी एकदा भिंतीकडे बोट केलं. बांबूपासून ती थोडीशीच दिसते. "ती आमची भोकं हायती. सुरुंगाची."

कातळात वरून खाली सरळ भोक पाडायचं, दारू ठासायची आणि बार उडवायचा. पुढचा दगड सुटतो, भोकाचा मागचा अर्धा भाग भिंतीवर राहतो. माझ्या पाहुण्यांना मी सहा वर्षं जी कारागिरी दाखवत होते, ती यांची होती. मनातल्या मनात कानाला हात लावला.

"आन् रस्ता बंद म्हनताय तुमी," मामा म्हणाले, "तवा रोज दोनदा बंद व्हायचा. लाल झेंडा लागला की कुनी हलायचं न्हाई. पोरंसोरं झोपडीत. शिट्टी वाजली की बार. मग धूळ बसंस्तवर परत शिट्टी न्हाई."

एकदा एकजण शिट्टीआधी निघाला. मामांनी एवढंच सांगितलं आणि कॅनमधून पाणी घेतलं. मी पुढचं विचारलं नाही.

दगड निघाला की डबर वेगळा, बाकीचा क्रशरला. क्रशरमधून नंबर एकची खडी, नंबर दोनची खडी, कच. विक्री ब्रासने. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, हे मला मामांनीच सांगितलं. माझ्या घराचा स्लॅब किती ब्रासांचा असेल हा विचार मी त्याआधी कधी केला नव्हता. आमची इमारत चार मजल्यांची, नव्वदीतली, लोकल वाशीच्या पुढे नुकतीच सरकली होती तेव्हाची. तिची खडी सातासमुद्रापलीकडून नक्कीच आली नसणार. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहून थिजलेला लाव्हा, त्याचा हा डोंगर, त्याची खडी, त्या खडीचं माझं स्वयंपाकघर. आणि खिडकीतून डोंगराचा कापलेला भाग दिसतो म्हणून मी त्या बाजूला जाड पडदा लावलेला.

खाणी बंद कशा पडल्या याची कहाणी कागदोपत्री आहे. फेब्रुवारी २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या खटल्यात सांगितलं की पाच हेक्टरांहून लहान असली तरी गौण खनिजाच्या, म्हणजे दगड-वाळूसारख्या मालाच्या, खाणीला पर्यावरण मंजुरी घ्यावी लागेल. तोवर असे लहान तुकडे या चाळणीतून सुटायचे. त्यानंतर आमच्या डोंगरातही मंजुऱ्या, मुदती, तारखा, बंदी, पुन्हा सुरू, असं चालत राहिलं. मामांची खाण कुठल्या तारखेला गेली ते त्यांना सांगता येत नाही. "मुकादम म्हनला, उद्या येऊ नका." एवढंच त्यांना माहीत.

पुढचं मात्र मला वाटलं होतं त्यापेक्षा वेगळं निघालं.

माझी समजूत अशी, की ही साफसफाई खाणीच्या घाणीची असणार, अल्माडेनसारखी. डोंगराने पोटातलं विष ओकलं, आता पुसून घ्या. पण आमचा काळा दगड बिचारा पाऱ्यासारखा नाही. तो फोडला तर धूळ होते, आणि त्या धुळीने मामांसारख्यांच्या छातीचं जे करायचं ते केलं. पण मागे उरलेल्या खड्ड्यात त्याने विष सोडलं नव्हतं. तिथे फक्त खड्डा होता, आणि पावसाने भरलेलं पाणी. काठावरून उथळ दिसणारं, प्रत्यक्षात एका पावलात बुडवणारं. अशा पाण्यात पोहायला उतरलेल्या पोरांच्या बातम्या उन्हाळ्यात येतात आणि पावसाळ्यात आपण त्या विसरतो.

"खड्डा मोकळा ऱ्हात न्हाई ताई," मामा म्हणाले. "रातच्याला गाड्या यायच्या."

शहरातून निघालेला राडारोडा. आपण बोलताना त्याला डेब्रिज म्हणतो, म्हणजे जरा परदेशी आणि निर्जंतुक वाटतं. टेम्पो, डंपर, दिवे बंद करून. आधी नुसत्या विटा आणि माती. मग त्याच्या आडोशाने थर्माकोल, गाद्या, ट्यूबलाइटी, आणि एमआयडीसीतून कुणी आणून टाकलेली पिंपं, ज्यांच्यातून काळपट काहीतरी गळायचं. आम्ही पाचजणी ज्या काठावर दीर्घ श्वसन करायचो, त्याच्या पलीकडच्या अंगाला, झाडीमागे, हे चाललेलं. आम्हाला वास यायचा. तो एमआयडीसीचा असं आम्ही ठरवून टाकलं होतं. अ‍ॅपवर कुणीतरी 'कधीकधी वास येतो' म्हणून अर्धा तारा कापलाही होता.

काम म्हणजे हे उपसणं. पिंपं आणि त्यांच्याखालची माती वेगळी उचलून न्यायची, राडारोडा वेगळा. भिंतीवरचे सुटे दगड पाडायचे, आणि मग पाण्याभोवती कुंपण. मामांना इतकं माहीत होतं. पाटीवर हे चार ओळींत मावलं असतं.

एका सकाळी मामांनी मला बांबूच्या आत घेतलं. "सायब न्हाई अजून. तितं वळनावर उबं ऱ्हा, फुडं जाऊ नका." वळणावर शेंदूर लावलेला एक दगड आहे. खाणीतल्या लोकांचा देव. आम्ही रोज जाता-येता हात जोडायचो, नाव काय ते कधी विचारलं नव्हतं. तिथून खालचं सगळं दिसलं. पोकलेन अजून सुरू झालेलं नव्हतं. आदल्या दिवशी उपसलेला ढीग उताराला पसरला होता. विटांचे तुकडे, सळया, एक अख्खा कमोड, आणि फरशा. फरशाच फरशा. कुणाचं किचन, कुणाचं बाथरूम. गुलाबी, मोरपंखी, संगमरवराची नक्कल केलेल्या.

माझ्या पायापासून हातभर अंतरावर एक फिकट निळी फरशी होती. तिच्यावर राजहंसांची जोडी, माना एकमेकींकडे वळवलेल्या.

ती मी ओळखते. म्हणजे डिझाइन ओळखते. त्या काळी नेरूळमध्ये निम्म्या बाथरूमांत असले हंस, नाहीतर डॉल्फिन होते. भिंतीवर निळ्या फरशांच्या रांगेत मधे मधे एक अशी बसवायची. आमच्याकडे चार होत्या. गळती सुरू झाली म्हणून सात वर्षांपूर्वी बाथरूम पूर्ण फोडलं. ठेकेदार म्हणाला, राडारोडा उचलायचे वेगळे पडतील. मी घासाघीस केली. बऱ्यापैकी केली. शेवटी जो टेम्पोवाला तयार झाला त्याला मी फक्त एवढंच विचारलं, "आजच उचलाल ना? सोसायटीवाले ओरडतात." कुठे नेणार हे मी विचारलं नाही. तो आपणहून म्हणाला होता, "टाकतो कुठंतरी." २०१६पासून बांधकामाच्या राडारोड्याचे वेगळे नियम आहेत, आणि तो ज्याने काढला त्याचीच तो नीट सोपवायची जबाबदारी आहे, हे मी आत्ता वाचलं. २०१६च्या त्या नियमांत आराखडा वगैरे द्यायचा होता तो दिवसाला वीस टनांवर किंवा एका प्रकल्पात महिन्याला तीनशे टनांवर जाणाऱ्यांनी. माझा होता एक छोटा टेम्पो.

ती फरशी माझीच, असं मी म्हणत नाही. हिशेबाने ती माझी असायची शक्यता फार थोडी. पण तिच्या कोपऱ्याला पांढरं सिमेंट चिकटलं होतं, आणि खालच्या हंसाची चोच उडालेली. आमच्या एका हंसाची चोच उडालेली होती का, हे मला काही केल्या आठवेना. रोज त्याच्यासमोर आंघोळ केली, पंचवीस वर्षं.

"वळकीची हाय का?" मामांनी सहज विचारलं. ढिगातून बायका घरात उपयोगी पडेल असं काही निवडून नेतात, त्या अर्थाने.

"छे," मी म्हणाले.

घरी येऊन नवऱ्याला विचारलं. त्याने वर्तमानपत्रातून डोकं काढून मला विचारलं, "हंस होते? बदकं ना?"

त्यानंतर आठवडाभर मीही पाम बीचच्या ट्रॅकवर गेले. सपाट, सिमेंटचा, मोजून इतके मीटर. गुडघ्याला तो जास्त त्रास देतो असं मी सगळ्यांना सांगितलं.

पुन्हा क्वारीकडे गेले तेव्हा पाटीखाली कुणीतरी खडूने 'कधीपर्यंत?' असं लिहिलं होतं. आमच्यापैकीच कुणीतरी असणार, अक्षर वळणदार होतं. मामा शेंदराच्या दगडापाशी पाणी शिंपडत होते. मला बघून त्यांनी बांबू थोडा सरकवला.

दगडासमोरची माती त्यांनी सारखी केली होती आणि तिथे फरशा बसवल्या होत्या. साताठ असतील, कुठली गुलाबी, कुठली पांढरी, फटींत बारीक कच भरलेली. मधोमध निळी. हंसांच्या माना देवाकडे, आणि तुटक्या चोचीवर जास्वंदाचं एक फूल.

"चिखल व्हतो हितं पावसात," मामा म्हणाले. "म्हनलं, बसवावं. चांगला माल हाय ताई. असला कोन टाकून देतं?"

मी बुटाच्या नाड्या सोडायला वाकले. गुडघा कटकन वाजला.

"पावसाच्या आत उघडेल का हो रस्ता?"

"ते सायबाला म्हाईत," ते म्हणाले, आणि उरलेलं पाणी फरशीवर ओतून त्यांनी ती हाताने पुसली.